साऱ्या घराचा दिवा कशाला घालवायचा?

संगणकाच्या पडद्यावरची चित्रे गोठली, खालची पट्टी दाद देईना, की आपल्याकडे उपाय ठरलेला: बटण दाबून धरायचे आणि यंत्रच बंद करायचे. मला हा उपाय अघोरी वाटतो. मुलीचा अर्धा लिहिलेला प्रकल्प, न साठवलेला जमाखर्च, सारे त्यात जाते. आणि बिघाड पुष्कळदा तेवढा मोठा नसतोच.

विंडोजमध्ये डेस्कटॉप, टास्कबार आणि फायलींच्या खिडक्या हा सारा कारभार एक्स्प्लोरर नावाचा एकच प्रोग्रॅम पाहतो. १९९५ च्या विंडोज ९५ पासून हे असेच आहे. तो रुसला म्हणजे संगणक मेला असे नव्हे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. यादीतल्या 'विंडोज एक्स्प्लोरर'वर माउसचे उजवे बटण दाबून 'रीस्टार्ट' निवडावे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही सोय आहे. क्षणभर पट्टी नाहीशी होते, छातीत धस्स होते, पण ती परत येते. वर्डमध्ये उघडा असलेला मजकूर जागचा हलत नाही. (पेनड्राइव्हवर फायली उतरवणे चालू असेल तर मात्र ते तुटते.) टास्क मॅनेजरही उघडला नाही, तर मग ते बटण आहेच.

रोजच हे करावे लागत असेल, तर उजव्या बटणाच्या यादीत घुसलेला एखादा आगंतुक प्रोग्रॅम बहुधा त्रास देत असतो. दुरुस्तीवाला 'फॉरमॅट मारू' म्हणाला, तर आधी तो काढून पाहिलात का, असे मी तरी त्याला विचारतो.