स्वीडनमध्ये समुद्र मागे सरकतोय, मग कोकणात का नाही?

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे समुद्राकाठचे आणि समुद्रातले किल्लेही आहेत. याच यादीत स्वीडनचा 'हाय कोस्ट' हा किनारा २००० पासून आहे. २००६ मध्ये समोरचा फिनलंडचा क्वार्केन द्वीपसमूह त्याला जोडला गेला. तिथे मात्र उलटंच घडतंय. जमीन समुद्रातून वर येतेय.

जमीन वर का येते?

हिमयुगात या भागावर सुमारे ३ किलोमीटर जाड बर्फ होता. त्या वजनाने जमीन खाली दबली. बर्फ वितळला आणि जमीन पुन्हा वर येऊ लागली. गादीवरून उठल्यावर ती हळूहळू फुगते, तसंच. फक्त इथे त्याला हजारो वर्षं लागतात.

गेल्या सुमारे १० हजार वर्षांत हाय कोस्ट जवळपास २८५ मीटर वर आलाय. आपल्या देवगिरी किल्ल्याची टेकडी साधारण २०० मीटरची. म्हणजे एकेकाळचा समुद्रकिनारा आज तिथे देवगिरीपेक्षाही उंचावर आहे!

समुद्र वाढतोय त्याचं काय?

गणित सोपं आहे. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीनुसार, २००६ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली. हाय कोस्टची जमीन वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर वर येते. त्यामुळे तिथे आजही जमीन जिंकते. क्वार्केनमध्ये तर दरवर्षी साधारण १ चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते. बोटींचे धक्के पुढे न्यावे लागतात, नव्या जमिनीची मालकी कुणाची हेही ठरवावं लागतं.

कोकणाचं काय?

कोकणावर असा बर्फाचा थर नव्हता. त्यामुळे दबलेली जमीन वर येण्याची ही सवलत आपल्याला नाही. उलट १९व्या शतकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले होते. कधीकाळची कोरडी जमीन पाण्याखाली गेल्याची ही खूण.

म्हणूनच समुद्र किती वाढतोय एवढंच पाहून भागत नाही. त्या ठिकाणची जमीन वर येतेय की खचतेय, हेही मोजावं लागतं. स्वीडनमध्ये निसर्गाने वेळ दिलाय. कोकणातल्या किल्ल्यांना, बंदरांना आणि कोळीवाड्यांना तो नियोजनातूनच मिळवावा लागेल.