जगाचा कर्ता आणि माणसाचा दर्जा

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात. तुम्ही ईश्वर मानीत नाही, तर मग हे जग कोणी निर्माण केले? विचारणाऱ्याचा आविर्भाव असा असतो की, याचे उत्तर देता आले नाही म्हणजे धम्म हरला आणि देव्हारा जिंकला. पुष्कळ घरांतून हा प्रश्न मनाला टोचत राहतो आणि त्या टोचणीपोटीच एखादी जुनी तसबीर कपाटात जपून ठेवली जाते. म्हणून या प्रश्नाची छाननी एकदा रोखठोकपणे झाली पाहिजे. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न विचारण्यास कोणाचीही हरकत नसावी. परंतु त्याचे उत्तर देण्याचे ऋण आपल्या माथ्यावर मुळीच नाही. उलट, ज्यांनी उत्तर सापडल्याचा दावा केला, त्यांनी त्या उत्तराची किंमत आपल्या पूर्वजांकडून शतकानुशतके वसूल केली आहे.

ही किंमत कोणती, ते पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दोन सूक्ते आहेत. १२९ वे, म्हणजे नासदीय सूक्त, सृष्टी कोठून आली याविषयी शंका काढते आणि सृष्टीच्या अध्यक्षालाही ते ठाऊक असेल की नसेल, अशा संशयापाशी थांबते. प्रामाणिक माणसाला शोभेल असाच हा संशय आहे. परंतु समाजरचनेचा पाया म्हणून हे संशयाचे सूक्त कोणी वापरले नाही. वापरले गेले ते ९० वे, पुरुषसूक्त. त्यात ब्राह्मणाचे नाते विराट पुरुषाच्या मुखाशी, राजन्याचे बाहूंशी आणि वैश्याचे मांड्यांशी जोडले आहे. शूद्र मात्र पायांपासून उत्पन्न झाला. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात हीच कथा येते आणि त्याच अध्यायात शूद्राला एकच कर्म नेमून दिले जाते, ते म्हणजे वरच्या तीन वर्णांची सेवा. सृष्टीच्या उत्पत्तीपासून माणसाच्या चाकरीपर्यंतचा प्रवास एका अध्यायात उरकला! अस्पृश्यांना तर त्या विराट देहात पायापुरतीही जागा मिळाली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा या हिशेबाला जाहीर नकार देण्यात आला.

भगवान बुद्धांनी हा हिशेब फार पूर्वीच तपासला होता. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मणकुळातून आलेले दोघे सांगतात की, स्वजन आपली निंदा करतात आणि आपण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा अभिमान मिरवतात. त्यावर तथागतांचे उत्तर साधे आहे. ब्राह्मणांच्या स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच गरोदर राहतात, बाळंत होतात आणि मुलांना अंगावर पाजतात. प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपुढे मुखाची कथा टिकावी कशी?

ईश्वरवादी पंडितांचा आवडता दृष्टांत मडक्याचा आहे. मडके आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे. तद्वत जग आहे म्हणजे जगाचा कर्ता असलाच पाहिजे. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी या युक्तिवादावर मार्मिक बोट ठेवले. वारूळही मातीचेच असते. मग तेही कुंभारानेच घडविले असे म्हणावयाचे काय? मडके कुंभार करतो हे आपण पाहिले आहे म्हणून मानतो. विश्वे घडविणारा कोणी आपण पाहिलेला नाही. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच पेच दुसऱ्या बाजूने मांडला आहे. ईश्वराने जग कशातून तरी निर्माण केले असेल, तर ते द्रव्य त्याच्या आधीपासून होते आणि तो सर्वांचा कर्ता ठरत नाही. शून्यातून निर्माण केले म्हणावे, तर तसे घडताना कोणी कधी पाहिले?

येथे एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. कर्ता मानणारा प्रत्येकजण विषमतेचा कैवारी नसतो. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘निर्मिक’ मानला आणि १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात त्याच निर्मिकाच्या आधारे सर्व स्त्रीपुरुष समान ठरविले. बाबासाहेबांनी त्यांना गुरुस्थानी मानले ते उगीच नव्हे. परंतु एकाच कर्त्याच्या नावाने मनूने दास्य शिकवावे आणि जोतीरावांनी समता शिकवावी, यावरून काय सिद्ध होते? हेच की, न्याय कर्त्यातून निघत नाही. सांगणाऱ्याच्या अंतःकरणातून निघतो. मग न्यायाचा पाया त्या अदृश्य कर्त्यावर घालावाच कशाला?

आता ब्रह्मदेवाचीच साक्ष काढू. केवट्ट सुत्तात एक भिक्षू चार महाभूते कोठे निःशेष निरुद्ध होतात, हे विचारीत एकेका देवाकडे जातो आणि अखेरीस महाब्रह्म्यापुढे उभा राहतो. महाब्रह्मा पुन्हा पुन्हा आपल्या कर्तेपणाची बिरुदे ऐकवतो, आणि शेवटी भिक्षूचा हात धरून त्याला बाजूला नेतो व कबूल करतो की, मला हे ठाऊक नाही. परंतु या देवांना मी सर्वज्ञ वाटतो, म्हणून त्यांच्यादेखत सांगितले नाही. सर्वज्ञतेचा डौल आणि त्यामागचे अज्ञान यांचे याहून नेमके चित्र कोणी रेखाटले असेल?

यावर कोणी म्हणेल की, बुद्धांनी तरी उत्तर कोठे दिले? मालुंक्यपुत्राने जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, असे विचारले, तेव्हा ते मौनच राहिले ना? होय, त्यांनी ते प्रश्न बाजूला ठेवले आणि कारणही सांगितले. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे नाव, गोत्र आणि वर्ण कळेपर्यंत तो उपटू न देण्याचा हट्ट धरला, तर तो मरेल. प्रश्न तसेच राहतील. याला पळवाट म्हणत नाहीत. दुःखाचे कारण शोधता येते आणि ते दूरही करता येते. तेव्हा बुद्धी प्रथम तेथे खर्च करावी, असा हा उपदेश आहे.

निरीश्वरवाद्यांचेही सर्वच बोल डोळे मिटून घेऊ नयेत. काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याने १७१४ साली मांडला आणि त्याचे उत्तर ईश्वर असे दिले. १९४८ साली बीबीसीवर फादर कॉपल्स्टन यांच्याशी वाद करताना बर्ट्रांड रसेल यांनी संपूर्ण विश्वाला कारण असलेच पाहिजे हे गृहीतच नाकारले. ही भूमिका प्रामाणिक आहे. परंतु २०१२ साली भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्राउस यांनी विश्व शून्यातून उद्भवू शकते असे प्रतिपादन केले, तेव्हा तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी बिनतोड आक्षेप घेतला. ज्याला शून्य म्हणता त्यात क्षेत्रे आणि नियम आहेतच. ते कोठून आले? प्रौढी पुरोहिताची असो वा शास्त्रज्ञाची, ती प्रौढीच.

विज्ञानाचे खरे सामर्थ्य ‘कसे’ या प्रश्नात आहे. विश्व प्रसरण पावत आहे, हे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात सृष्टिकर्त्याचा पुरावा पाहिला, तेव्हा खुद्द लमेत्र यांनाच ते रुचले नाही. विज्ञानाचा सिद्धांत ईश्वराच्या बाजूने वा विरुद्ध राबवू नये, असे त्यांचे मत होते. १९६५ साली विश्वाच्या बाल्यावस्थेतील उष्णतेचा अवशेष सापडल्याचे जाहीर झाले. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे असल्याचे आज मोजले गेले आहे. या गणनेत मुख, बाहू, मांड्या आणि पाय कोठेही आढळले नाहीत.

आणि आपले हक्क? तेही कर्त्याच्या नावावर उभे नाहीत. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी राज्यघटनेच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी सूचना घटना समितीत मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. त्या सभागृहात आस्तिक थोडे नव्हते. तरीही उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ अशीच राहिली. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम जगाच्या उत्पत्तीविषयी एक अक्षरही बोलत नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही.

म्हणून मातापित्यांनो, मुलाने विचारले की जग कोणी केले, तर त्याला दटावू नका आणि भीतीने खोटे उत्तरही देऊ नका. जेवढे कळले आहे तेवढे सांगा, पुढचे शोधण्यासाठी त्याला शाळेत पाठवा, आणि ठाऊक नाही हे शब्द ताठ मानेने उच्चारण्यास शिकवा. शेजाऱ्याने विचारले, तर त्यालाच उलट विचारा की, जग कोणीही केलेले असो, त्यावरून माझा दर्जा तुझ्याहून कमी कसा ठरतो? या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नाही. आणि कपाटातील ती तसबीर केवळ या भीतीपोटी जपली असेल, तर ती भीती आजच काढून टाका.