‘बाई पाहिजे’मधली गाळलेली ओळ



चातुर्मास लागला की मरोळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप वरचेवर फिरू लागतो. ‘स्वयंपाकाला बाई पाहिजे. जैन पद्धत येणारी. कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही. पाणी गाळून वापरणारी. संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्ताच्या आत. स्वच्छ, विश्वासू, सुट्ट्या न घेणारी.’ खाली विंग आणि फ्लॅट नंबर. एवढ्यावरून त्या घराचे सगळे नियम कळतात. पण जिनं हे काम करायचं, तिच्या उपयोगाचं त्यात काही नसतं. पगार किती, स्वयंपाक किती माणसांचा, सुट्टी कधी, ह्याबद्दल अवाक्षर नाही.

ही ओळ घाईत राहून गेली असं मला वाटत नाही. ती गाळायची सवय ह्या शहराला शंभर वर्षांहून जुनी आहे. आणि माझं म्हणणं असं, की आपण व्रतं मानणाऱ्या बायका असू तर ही सवय आपल्याला शोभत नाही.

मुंबईची वर्तमानपत्रं पहिल्यापासून जाहिरातींवर वाढली. ‘मुंबई समाचार’ 1822 साली निघालं, आणि आज ‘टाइम्स ऑफ इंडिया’ म्हणून ओळखलं जाणारं पत्र 1838 साली ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ ह्या नावानं. नावातच व्यापार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी पत्रांचं पहिलं पान बातम्यांचं नसे, ते बारीक टाइपातल्या छोट्या जाहिरातींचं असे. लिलाव, आगबोटी, भाड्याच्या जागा, औषधं, आणि त्यातच ‘पाहिजेत’: कारकून पाहिजे, टंकलेखक पाहिजे, मुलं सांभाळायला आया पाहिजे. 1905 साली गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्थाही निघाली. जाहिरात हा तोवर स्वतंत्र धंदा झाला होता.

‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’वरून आलेला, म्हणजे उघड केलेलं. पण उघड कुणासाठी? 1911 च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभर बायकांमागे जेमतेम एक साक्षर होती. शहरात प्रमाण जास्त असलं, तरी भांडी घासणारी, मुलं खेळवणारी बाई त्यात क्वचितच. म्हणजे जाहिरात तिच्याबद्दल होती, तिच्यासाठी नव्हती. एका मालकिणीनं लिहायचं आणि दुसऱ्या मालकिणीनं वाचून आपल्या ओळखीतली कुणी पाठवायची. आजच्या ग्रुपवरही हेच घडतं. ज्या बाईला काम हवं ती त्या ग्रुपवर नसतेच.

साहेबांच्या घरी काम करणाऱ्यांकडे त्या काळी चिठ्ठ्या असत. नोकरी सोडताना जुना मालक चार ओळी लिहून देई, नवा मालक त्या वाचून ठरवी. नोकर त्या चिठ्ठ्या फडक्यात बांधून जिवापाड जपत, पण त्यांत काय लिहिलंय हे बहुतेकांना वाचता येत नसे. आपल्या पोटापाण्याचा कागद आपल्याच हातात, आणि तरी आपल्यासाठी बंद. मालकाबद्दलची चिठ्ठी मात्र कुणी कुणाला देत नसे.

नावाचीही तीच गत. रत्नागिरीकडून मुंबईत आलेल्या गड्याला पारशी-गुजराती घरांतून सरसकट ‘रामा’ म्हणत. त्याच्या आईनं काय नाव ठेवलं होतं हे विचारायची गरज कुणाला वाटत नसे.

न लिहिलेल्या ओळीची किंमत किती मोठी असू शकते हे पाहायचं तर विलायतेला गेलेल्या आयांची हकिगत पाहावी. आगबोटीनं मायदेशी निघालेली इंग्रज कुटुंबं प्रवासात मुलं सांभाळायला इथून आया घेऊन जात. काम प्रवासापुरतं. परतीचं तिकीट देणं ही सभ्य घरांतली रीत होती, पण रीत म्हणजे करार नव्हे. कित्येक बायकांना लंडनला पोचल्यावर हातात थोडे पैसे ठेवून मोकळं केलं जाई, काहींना तेही मिळत नसत. भाषा परकी, थंडी अंगात शिरणारी, आणि घर सहा हजार मैलांवर. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाचा आसरा होता. 1900 साली तो लंडन सिटी मिशन ह्या संस्थेकडे आला आणि हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर हलला. हिंदुस्थानात निघालेलं एखादं कुटुंब भेटलं की त्यांची मुलं सांभाळत आया परत यायची. त्यासाठी वर्तमानपत्रांत छोट्या जाहिरातीही येत: अनुभवी आया, प्रवासात सोबत जायला तयार. नेताना जी ओळ कुणी लिहिली नाही, ती परक्या देशात अशी भरून काढावी लागली. त्या घरावर 2022 साली स्मृतिफलक बसला. पण तिथं राहून गेलेल्या बहुतेक जणींची पूर्ण नावं आज सापडत नाहीत, कारण कागदोपत्री त्या आपल्या मालकिणीच्या आडनावाच्या ‘आया’ एवढ्याच आहेत.

गिरणगावातल्या बायकांना तर जाहिरातीचाही आधार नव्हता. 1920 च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. त्यांची भरती गिरणीच्या दारात व्हायची, मुकादमाच्या किंवा नायकिणीच्या हातून. त्या हाताला दस्तुरी द्यावी लागे, कामाला लागताना आणि टिकण्यासाठीही. तरीसुद्धा गिरणीत हळूहळू एक गोष्ट झाली. कामाच्या वेळा भिंतीवर आल्या. 1934 च्या कारखाना कायद्यानं कामाच्या वेळांचा फलक लावणं मालकाला बंधनकारक केलं. त्याआधी 1929 साली मुंबई इलाख्यात देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला. हे सगळं लढ्यातून, चळवळीतून आलं आणि अपुरंच आलं. पण लिहून तर आलं.

घरकामापर्यंत तो फलक पोचलाच नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 साली कायदा झाला, पण तो मुख्यतः नोंदणीचा आणि कल्याण मंडळाचा. आपल्या ओट्याशी काम किती वाजता सुरू व्हावं आणि किती वाजता संपावं, हे अजून आपणच ठरवतो. म्हणून हा प्रश्न सरकारकडे ढकलून चालत नाही. तो आपल्या घरात, आपल्या फोनवर, आपण टाइप करतो त्या चार ओळींत आहे.

आता आपल्या व्रतांकडे वळते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते पाठ केले, परीक्षाही दिल्या. अहिंसेच्या पाच अतिचारांतले दोन पुन्हा आठवा: अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, आणि वेळेवर खाऊपिऊ न देणं. टीकाकारांनी हे समजावताना गाईबैलांची उदाहरणं घेतली आहेत. ज्या धर्मानं बैलाच्या पाठीवरचं ओझं मोजलं, त्या धर्माच्या घरात दोन माणसांचं म्हणून ठरलेला स्वयंपाक पाहुणे आले की आठ जणांचा होतो, आणि पगार तोच राहतो. आपण सूर्यास्ताच्या आत जेवतो. आपलं पान वाढून, भांडी आवरून ती निघते, तेव्हा साकीनाक्याच्या वस्तीत तिच्या घरची चूल अजून पेटायची असते. रात्रिभोजनत्याग आपला असतो, त्यासाठी धावपळ तिची होते. तिला निघायच्या आधी चहा आणि दोन पोळ्या मिळतात का, हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, व्रताचा आहे.

अचौर्याचा एक अतिचार आहे हीनाधिकमानोन्मान. घेताना एक माप वापरायचं, देताना दुसरं. आपण हा दुकानदाराच्या तराजूपुरता समजतो. पण बाई दहा मिनिटं उशिरा आली की ती दहा मिनिटं आपल्याला दिसतात. आपण तिला ‘जरा एवढं करून जा’ म्हणून थांबवलेला अर्धा तास दिसत नाही. माप दोन झालंच ना?

आणि दशलक्षण पर्वातला आर्जव धर्म? मनात एक, बोलण्यात दुसरं, करण्यात तिसरं असू नये, हा त्याचा साधा अर्थ. ‘पगाराचं समोरासमोर बोलू’ असं लिहिताना मनात आकडा तयार असतो. तो आपण लिहीत नाही, कारण ती गरजू असेल तर त्याहून कमीत जमेल अशी आशा असते. हे खोटं बोलणं नव्हे, कबूल. पण सरळही नव्हे.

ह्यावर मैत्रिणी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पहिलं म्हणणं, आकडा लिहिला तर भाव चढतो, शेजारणी नाराज होतात. चढेलही. पण बिल्डिंगमधल्या सगळ्याजणींनी मिळून गुप्त ठेवलेला भाव हा बाजारभाव नसतो, ती आपसातली संगनमतच असते. भाजीवाल्यांनी असं केलं तर आपणच आरडाओरडा करू.

दुसरं म्हणणं, बाया तरी कुठं शब्द पाळतात? न सांगता दांडी मारतात, पगार घेतला की गावी जातात. हे घडतं, आणि सकाळी डबे करून ऑफिस गाठणाऱ्या बाईची त्यात किती ओढाताण होते ते मी पुरेपूर जाणते. पण सुट्टी ठरलेलीच नसेल तर ती सांगून कशी घेणार? तिची प्रत्येक सुट्टी दांडीच ठरते. महिन्याच्या चार सुट्ट्या आधी लिहून दिल्या, तर पाचवीबद्दल बोलायचा हक्क आपल्यालाही मिळतो.

तिसरं म्हणणं सगळ्यात गोड आहे: ती घरचीच आहे, आम्ही काय हिशेब करायचे? घरच्या माणसाला आजारपणात कुणी बिनपगारी करत नाही. हिशेब नको असेल तर तो तिच्या बाजूनं सुटू द्या, आपल्या बाजूनं नको.

जातीबद्दलही स्पष्ट लिहिते. शंभर वर्षांपूर्वीच्या ‘पाहिजे’मध्ये जात-धर्म सर्रास छापला जाई. आज आपण ‘आपल्यातलीच असेल तर बरं’ असं लिहितो. जैन स्वयंपाक ही पद्धत आहे. पाणी गाळणं, धान्य निवडणं, कंदमूळ टाळणं हे शिकून येतं, जन्मानं येत नाही. पद्धत मागायचा आपल्याला अधिकार आहे. ती शिकवायची जबाबदारीही आपलीच आहे.

आपल्या समाजातल्या बायकांवरही पोटासाठी दार शोधायची वेळ आली होती, हे विसरू नये. अकाली वैधव्य आलेल्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. दानवीर माणिकचंद झवेरींची ही लेक. तिला स्वतःला कमावण्याची गरज नव्हती. पण विधवा श्राविकेनं कुणाच्या ओसरीवर दयेनं राहू नये, शिकावं, शिक्षिका व्हावं, ठरलेला पगार घ्यावा, हे तिनं ओळखलं. जे आपल्या लेकीबाळींसाठी इतकं आवश्यक वाटलं, ते आपल्या दारी येणाऱ्या बाईसाठी का नको?

मरोळमध्ये औद्योगिक वसाहतीच्या गल्ल्यांतून चाललं की गाळ्यांच्या दारावर पाट्या दिसतात, ‘पॅकिंगसाठी मुली पाहिजेत’, ‘हेल्पर पाहिजे’. त्यांवरही पगार सहसा नसतो. त्या पाट्या आपल्या हातात नाहीत. आपला निरोप आहे. तो असा लिहिता येईल:

‘चार माणसांचा दोन वेळचा जैन स्वयंपाक. सकाळी आठ ते साडेनऊ, संध्याकाळी साडेचार ते सहा. पगार महिना अमुक रुपये, दर वर्षी वाढ. महिन्याला चार पगारी सुट्ट्या. पाहुणे असतील तेव्हा जादा पैसे. चहा-नाश्ता इथंच. पद्धत आम्ही शिकवू. जात-धर्माची अट नाही.’

अमुकच्या जागी आकडा घाला, आणि ती कामावर आली की हाच मजकूर कागदावर लिहून एक प्रत तिला द्या. आता तिला वाचता येत असेल, नाहीतर तिच्या मुलीला नक्की येतं. ह्या वर्षी पर्व संपल्यावर क्षमावाणीचे निरोप पाठवायच्या आधी तिच्या राहिलेल्या सुट्ट्या आणि जादा दिवसांचे पैसे मोजून तिच्या हातात ठेवू या. क्षमा त्यानंतर मागू.