खेळ तुमचा, किल्ली कोणाची?



पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचे तर आंबेनळी घाट चढावा लागतो. महाडहून भोरकडे जायचे तर वरंधा घाट. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि या भिंतीला दारे मोजकीच आहेत. सावित्रीच्या खाडीतून महाडला उतरलेला माल पूर्वी बैलांच्या पाठीवर लादून वर जात असे. तेव्हा घाटवाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातावर जकात ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. जावळीच्या मोऱ्यांचे बळ बरेचसे या वाटांवर होते. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधायला घेतला, त्याचे एक कारण हेच.

व्यापारी कितीही हुशार असो आणि त्याचे मीठ कितीही पांढरेशुभ्र असो, वाट धरून बसलेल्याशी त्याला जमवून घ्यावेच लागे. दुसरा घाट खुला असेल तरच त्याला घासाघीस करता येई.

इतिहासाच्या तासाचा हा विषय विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे तुम्ही विचाराल. असाच एक घाट दूरचित्रवाणी संचाखाली ठेवलेल्या एका चपट्या पेटीत असतो, म्हणून. त्या पेटीला कन्सोल म्हणतात. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तीन कंपन्यांनी जगाचा कन्सोलचा बाजार बहुतांशी वाटून घेतला आहे. व्हिडिओ गेम खेळणारे पुष्कळ आहेत. ते बनवावेत असे वाटणारेही आता आपल्याकडे थोडे नाहीत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कन्सोल हा आतून संगणकच असतो. त्यात प्रक्रियक असतो, स्मृती असते, चित्रे रंगवणारी चिप असते. शाळेतल्या संगणकात आणि त्याच्यात मोठा फरक एकच. शाळेतल्या संगणकावर तुम्ही लिहिलेली आज्ञावली चालते. कन्सोलवर मात्र ज्या आज्ञावलीवर कंपनीची मोहोर आहे तीच चालते.

ही मोहोर पाहायची कशी, याची युक्ती मोठी मजेदार आहे. निन्टेन्डोने १९८५ साली अमेरिकेत आपले यंत्र विकायला आणले तेव्हा त्यात एक छोटी चिप बसवली आणि तिची जुळी चिप प्रत्येक अस्सल कॅसेटमध्ये घातली. यंत्र सुरू झाले की दोन्ही चिपा एकच गणित एकाच तालावर करू लागत आणि एकमेकींचे उत्तर ताडून पाहत. उत्तरे जुळली तर खेळ चाले. कॅसेटमध्ये जुळी चिप नसली तर यंत्रातली चिप यंत्राला पुन्हा पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवी आणि पडदा नुसता लुकलुकत राही. एक कुलूप, दुसरी किल्ली. आजच्या कन्सोलमध्ये हे काम अंकीय स्वाक्षरी करते. कंपनी आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने खेळावर स्वाक्षरी करते. ती खरी की खोटी हे तपासणारी उघड किल्ली यंत्रात असते. उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. खेळातले एक अक्षर जरी बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही.

आता हे कुलूप आले का, तेही पाहू. कंपन्यांची बाजू ऐकून न घेता निकाल देणे बरे नव्हे. सुरुवातीला अटारी कंपनीच्या यंत्राला कुलूप नव्हते. तिथले चार आज्ञावलीकार १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढून अटारीच्याच यंत्रासाठी खेळ विकायला सुरुवात केली. यंत्र एकाचे, खेळ दुसऱ्याचा, हा धंदा तिथून सुरू झाला. अटारीने दावा लावला. पुढे तडजोड झाली. मग ज्याला त्याला खेळ काढावेसे वाटू लागले. दुकाने रद्दड खेळांनी भरली, गिऱ्हाईक विटले आणि १९८३ साली अमेरिकेतला बाजार कोसळला. अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दो गावाबाहेर पुरल्या. २०१४ साली ती जागा उकरली तेव्हा त्या सापडल्याही. निन्टेन्डोचे म्हणणे असे की, हा अनुभव पुन्हा नको म्हणून कुलूप. म्हणण्यात तथ्य आहे.

पण कुलूप लावणारा केवळ चोराला अडवून थांबत नाही. किल्ली हातात आली की अटीही त्याच्याच. निन्टेन्डोच्या परवान्यात काय होते पाहा. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे. कॅसेटी निन्टेन्डोच बनवणार आणि त्यांचे पैसे आधी मोजायचे. माल खपला नाही तर तोटा खेळ बनवणाऱ्याचा. शिवाय तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर न्यायचा नाही. १९८८ साली स्मृतीच्या चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कोणाला किती कॅसेटी द्यायच्या हेही निन्टेन्डोच ठरवू लागली. कोनामी या कंपनीने पाच खेळांच्या मर्यादेतून वाट काढण्यासाठी अल्ट्रा या नावाने दुसरी पाटी लावली.

यातल्या कोणत्या अटीने रद्दड खेळ अडतो, हे मला कोणी समजावून सांगावे. पाच खेळांची मर्यादा एक वेळ मान्य करू. पण चांगला खेळ शेजारच्या यंत्रावर दोन वर्षे न गेल्याने गिऱ्हाइकाचे काय भले होते? ती अट गुणवत्तेची नव्हती. दुसरा घाट उघडू नये म्हणून होती. अमेरिकन सरकारची चौकशी मागे लागल्यावर १९९० च्या सुमारास निन्टेन्डोने ती सोडली.

कुलूप फोडण्याचे प्रयत्नही झाले. त्यांतल्या दोघांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. अटारी गेम्स या कंपनीच्या टेन्जेन शाखेने किल्लीची चिप स्वतः बनवली. पण त्यासाठी तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून निन्टेन्डोच्या आज्ञावलीची प्रत खोटे कारण देऊन मिळवली होती. १९९२ साली न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी दुसऱ्या एका न्यायालयापुढे ॲकोलेड ही कंपनी होती. तिने सेगाचे यंत्र दुकानातून विकत आणून ते कसे चालते याचा स्वतः अभ्यास केला होता आणि मग त्यावर चालतील असे खेळ लिहिले होते. तिथे निकाल ॲकोलेडच्या बाजूने लागला. आपला खेळ त्या यंत्राशी जुळावा एवढ्यासाठी, दुसरा मार्ग नसताना, यंत्राची आज्ञावली उलगडून पाहणे रास्त आहे, असे न्यायाधीशांनी म्हटले. वस्तू उघडून, मोजून, तर्क करून समजून घेणे आणि कागद लबाडीने पळवणे यांत फरक आहे. प्रयोगशाळेत तुम्ही रोज पहिलेच काम करता.

तरी न्यायालयांपेक्षा दुसऱ्या घाटाने जास्त काम केले. सोनीने १९९४ साली जपानमध्ये प्लेस्टेशन आणले. त्याचे खेळ तबकडीवर येत. कॅसेटीच्या तुलनेत तबकडी फार स्वस्त पडे, तिच्यात माहिती कितीतरी जास्त मावे आणि हव्या तेवढ्या तबकड्या लवकर काढता येत. निन्टेन्डोने १९९६ च्या आपल्या नव्या यंत्रालाही कॅसेटच ठेवली. तेव्हा वर्षानुवर्षे तिच्यासाठी खेळ लिहिणारी स्क्वेअर कंपनी १९९७ साली आपला ‘फायनल फँटसी’चा सातवा भाग घेऊन सोनीकडे गेली. वाट बदलता आली की जकात घेणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आपल्याकडे मात्र गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. १९९० नंतरच्या दशकात भारतात ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे घरोघर आली ती बहुतेक निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्या मूळ जपानी यंत्रात कुलपाची चिप नव्हतीच, म्हणून नक्कल सोपी गेली. ‘एका कॅसेटमध्ये ९९९९ खेळ’ अशी जाहिरात असे; मोजायला बसले तर तेच पाच-दहा खेळ पुन्हा पुन्हा निघत. कुलूप नाही, परवाना नाही, जकात नाही. पण खेळ लिहिणाऱ्याला त्यातून दमडीही मिळाली नाही. जिथे प्रत्येक खेळाची नक्कल होते तिथे पुण्या-मुंबईच्या मुलाने तरी खेळ लिहून पोट कसे भरावे? तेव्हा सगळी कुलपे मोडून टाका, असे मी म्हणणार नाही.

मग पुण्याचाच दाखला घेऊ. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या कंपनीने ‘राजी’ नावाचा खेळ बनवला. भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट आहे आणि तिच्यामागे आपल्या पुराणकथा, राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैली आहे. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीतून भांडवल उभे करून पाहिले. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम चालू ठेवून १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ बाहेर आला. पहिल्यांदा कुठे? निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि साध्या संगणकावरचे खेळाडू १५ ऑक्टोबरपर्यंत थांबले. आणि गंमत अशी की ते स्विच यंत्र त्या वेळी भारतात कंपनी अधिकृतपणे विकतच नव्हती. पुण्यात रचलेला खेळ पुण्याच्या दुकानात रीतसर मिळत नसलेल्या यंत्रावर आधी खेळला गेला!

मी यात पुण्याच्या मंडळींना दोष देत नाही. निन्टेन्डोच्या कार्यक्रमात आपला खेळ झळकणे ही एका लहान कंपनीला लाख मोलाची जाहिरात आहे, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत ‘राजी’ला नामांकनही मिळाले. पण मोठ्या कंपनीच्या अंगणातून प्रवेश मिळाला तरच जगाला दिसता येते, ही स्थिती चांगली नव्हे. आणि प्रवेश मिळाल्यावर हिशेब कसा असतो? या दुकानांचा वाटा साधारण ३० टक्के असतो. समजा तुमचा खेळ १००० रुपयांना खपला, तर ३०० तिथे राहिले. उरलेल्या ७०० मधून प्रकाशकाचा हिस्सा, कर आणि चार-पाच वर्षांच्या कामाचे पगार.

महाड-पोलादपूरकडच्या घरांत कन्सोलपेक्षा मोबाईलच अधिक, तर तिथे काय? तिथेही घाट आहे. भारताच्या स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. आरोप असा की, प्ले स्टोअरमधून विकणाऱ्यांवर गूगल आपलीच पैसे घेण्याची पद्धत लादते. अपिलात मार्च २०२५ मध्ये हा दंड २१६.६९ कोटींवर आला. रक्कम घटली, तरी दुकान चालवणाऱ्याने गल्लाही आपलाच वापरायला लावणे हा आपल्याकडेही कायद्याचा प्रश्न आहे, एवढे यातून दिसले.

माझे म्हणणे असे. कुलूप ठेवा, पण कुलपाच्या आडून बाकीचे काही वसूल करू नका. खेळ सुरक्षित आहे का, यंत्र बंद पाडत नाही ना, हे तपासायचे नियम छापून जाहीर करा. नाकारला तर कारण लेखी द्या. दुसऱ्या यंत्रावर जाण्यास बंदी घालण्याचा आणि चाचणीचा काडीचाही संबंध नाही. शिकणाऱ्यासाठी एक खिडकी उघडी ठेवता येते, हे मायक्रोसॉफ्टने दाखवले आहे. दुकानातून आणलेला साधा एक्सबॉक्स २०१६ पासून विकासकाच्या यंत्रात बदलता येतो आणि स्वतः लिहिलेला खेळ त्यावर चालवून पाहता येतो. त्याने त्या कंपनीचे काही बुडाले नाही. मग इतरांना काय अडचण आहे?

शिक्षकांसाठी एक सूचना. ‘गोडो’ नावाचे खेळ रचण्याचे साधन फुकट मिळते आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही बरेचसे चालते. त्याची सगळी आज्ञावली २०१४ पासून सर्वांसाठी खुली आहे. त्यात रचलेला खेळ विंडोजवर, लिनक्सवर, मोबाईलवर नेता येतो. कन्सोलवर नेण्याची सोय मात्र त्यात नाही. ती लिहिता येत नाही असे नव्हे. कन्सोल कंपन्या आपल्या यंत्राची माहिती गुप्ततेचा करार करूनच देतात, आणि जी माहिती गुप्त ठेवण्याचे वचन दिले ती खुल्या आज्ञावलीत छापता येत नाही. म्हणून ते काम बाहेरच्या कंपन्या पैसे घेऊन करून देतात. मुले एखाद्या दिवशी ती सोय शोधतील आणि ‘सर, कन्सोलचे बटण कुठे आहे?’ असे विचारतील. त्या तासाला संगणकाचे पुस्तक बाजूला ठेवून त्यांना परवान्याबद्दल सांगायला हरकत नाही.