संगणकाचा कोपरा : दोन मिनिटांचा खोळंबा

मंडळी, आमच्या लीड्सच्या मराठी वर्गाचा उबुंटू सर्व्हर चालू केला, की दोन मिनिटं जागचा हलत नाही. मुलांच्या गोष्टी, पाढे सगळं त्याच्यावरच ध्वनिमुद्रित आहे, 'गेला वाटतं!' म्हणून जीव घाबरा होतो आणि हात प्लगकडे जातो. तेवढं मात्र करू नये. डिस्कवर लिहिणं चालू असलं तर फाइली बिघडू शकतात.

यंत्र गेलेलं नसतं, वाट बघत असतं. आमच्या डब्याला नेटवर्कचे पोर्ट दोन, केबल एकालाच. 'सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' ही सेवा दोन्हींसाठी खोळंबते आणि १२० सेकंदांनी नाद सोडते. २०१२च्या १२.०४ आवृत्तीतही असा खोळंबा व्हायचा, पण तेव्हा निदान 'अजून ६० सेकंद थांबतोय' असं पडद्यावर यायचं!

आधी 'सिस्टिमडी-ॲनलाइज ब्लेम' ही आज्ञा द्यावी (टाइप अर्थात रोमन लिपीत). कोणी किती वेळ खाल्ला ते दिसतं. मग नेटप्लॅनच्या फाइलीत रिकाम्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहावं, टॅब नको, स्पेसच. नंतर 'नेटप्लॅन ट्राय'. तुम्ही होकार दिला नाहीत, तर १२० सेकंदांत जुनी मांडणी परत येते. दूरवरून काम करणाऱ्याला ही मोठीच सोय.

ती सेवाच बंद करून टाका, असं पुष्कळ जण सांगतात. आम्हाला ते पटत नाही. सुरू होतानाच दुसऱ्या यंत्रावरची डिस्क जोडायची असेल, तर नेटवर्क आधी हवंच. आमच्याकडे तशी डिस्क अजून नाही, तरी सेवा चालू ठेवलीय.