मोटार आणि ‘बूबू’

खेळण्यातली मोटार पुढे सरकवत बाप ‘कार’ म्हणतो आणि आई ‘बूबू’. इंग्रजी-जपानी घरातल्या दोन वर्षांच्या मुलाला अशी एकाच वस्तूची दोन नावे मिळतात, आणि द्वैभाषिक संगोपन म्हणजे नावांच्या या दुहेरी यादीची जोपासना, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आम्हाला हे चित्र अपुरे वाटते. घर इंग्लंड-अमेरिकेत असेल तर या अपुरेपणाची किंमत जपानीला मोजावी लागते.

अ‍ॅन फर्नाल्ड आणि हिरोमी मोरिकावा यांचा १९९३ सालचा एक अभ्यास आहे. अमेरिकी आणि जपानी आया आपल्या लहानग्यांशी खेळताना काय बोलतात, हे त्यांनी पाहिले. अमेरिकी आया खेळण्याचे नाव वारंवार सांगत. जपानी आयांचा कल देवघेवीकडे. ‘दोओझो’ म्हणून मोटार मुलाच्या हाती द्यायची, ‘चोओदाइ’ म्हणून परत मागायची, मिळाली की ‘आरिगातो’. ‘भूभू’ आणि ‘माऊ’ यांच्या सोबतीने वाढलेल्या मराठी वाचकाला जपानी ‘वानवान’ म्हणजे कोण, हे सांगावे लागू नये. (वाक्याअखेरीचा जपानी ‘ने’ आणि आपला ‘ना’ यांचे गोत्र एक नसेल, समोरच्याची संमती घेत बोलण्याची सवय मात्र एकच.) पुढे क्रियापदांपाशी आले की ‘देणे’ही एक राहत नाही. आपण दुसऱ्याला दिले तर ‘आगेरु’, दुसऱ्याने आपल्याला दिले तर ‘कुरेरु’. देणारा आपला की घेणारा आपला, हे मनात ठरवल्यावाचून वाक्यच करता येत नाही. इंग्रजीतल्या हजार नामांनी ही जागा भरून निघत नाही.

अशा घरांना जो सल्ला हमखास मिळतो तो ‘एक पालक, एक भाषा’ हा. १९१३ साली झूल राँझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाच्या फ्रेंच-जर्मन वाढीची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून तो चालत आला आहे. नियम सुटसुटीत आहे, पण पुरेसा नाही. आनिक द हाउवर यांनी फ्लँडर्समधल्या १,८९९ कुटुंबांची पाहणी २००७ साली मांडली. घरात दुसरी भाषा बोलली जात असूनही सुमारे चौथा हिस्सा कुटुंबांतली मुले ती बोलत नव्हती. मुले दोन्ही भाषांची सरमिसळ करतात याची मात्र पालकांना उगाच धास्ती वाटते; तो गोंधळ नव्हे, हे अभ्यासकांनी पुरेसे दाखवले आहे.

आमचा आक्षेप या नियमाच्या नि:पक्षपाती दिसण्याला आहे. लंडनमध्ये बापाची इंग्रजी रस्ता, पाळणाघर, दूरचित्रवाणी असे सगळेच बोलतात. आईची जपानी एकटी आईच बोलते. तोशिए ओकिता यांनी ब्रिटनमधल्या जपानी-ब्रिटिश कुटुंबांवरील आपल्या २००२ सालच्या पुस्तकात या कष्टांना ‘अदृश्य काम’ म्हटले आहे, ते अगदी योग्य. जेवणाच्या टेबलावर बापाला कळत नाही म्हणून आईने प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचे. संध्याकाळपर्यंत थकवा येतो, आणि मग दोनांतले एक गळते. गळते ते कोणते, हे सांगायला नको. मूल जपानी विसरले की बोल मात्र आईच्या चिकाटीला लागतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की अशा घरातल्या इंग्रजीभाषक बापाने जपानी शिकावी. कांजी वाचण्याइतकी नव्हे. दोन वर्षांच्या मुलाची जपानी समजावी इतकीच, आणि मुलाच्या पुढे सहा महिने राहावे. नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखे आहे, आणि मूल जितके लहान तितके सोपे. त्याने मुलाची इंग्रजी कच्ची राहील, ही भीती लंडनमध्ये तरी हास्यास्पद आहे. हेच घर ओसाकात असेल तर एकटेपणा इंग्रजीच्या वाट्याला येतो. पण तिच्या पाठीशी प्रतिष्ठा आहे आणि २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीचा अभ्यासक्रमही. लंडनमधल्या जपानीला असा पाठिंबा नाही. शनिवारची जपानी शाळा आहे, पण ती फार उशिरा येते. तोवर घरी परतणाऱ्या बापाने दारातून ‘तादाइमा’ म्हणायला हरकत नसावी. ‘ओकाएरि’ म्हणायला आतून दोघे असतील.