बासरीवरची उसनी नक्षी
आपल्या सुरतेत मुलाने बासरी हाती घेतली, की तिसऱ्याच महिन्यात पालकांना मुरकी हवी असते. शिकवणाराही ती वहीत लिहून देतो. या घाईला माझा स्पष्ट विरोध आहे. कण, मुरकी, मींड यांना आपण दागिने समजतो, घोळ तेथेच आहे. बासरीला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. बोटाचे पेर छिद्रावरून हळूहळू सरकते तेव्हा मींड निघते. ती वहीत कशी उतरणार? पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंची बासरी रूढ केली ती खर्जातला गंभीर, दीर्घ स्वर मिळावा म्हणून. मुरक्या त्यानंतरच्या.

आयर्लंडची पत्र्याची शिटीही सहा छिद्रांचीच. तेथे एकच स्वर लागोपाठ दोनदा आला, की वरचे एक बोट निमिषभर उचलून त्याचे दोन तुकडे करतात. उचललेल्या बोटाचा स्वर निराळा असा ऐकूही येत नाही. म्हणजे अलंकारालाही काम असते! आमच्या वर्गांत मात्र ‘अलंकार’ म्हणजे सारेग-रेगमचे पलटे आणि नक्षी म्हणजे सिनेगीताची नक्कल. ज्याचा षड्ज दहा सेकंद स्थिर राहत नाही, त्याच्या मुरकीला गणेशोत्सवात टाळ्या देणारे आपण श्रोतेही या दोषाचे वाटेकरी आहोत.